परतीचे तिकीट



वसंत व्याख्यानमालेचे दिवस आणि आपल्या चाकरमान्यांचे गावी येण्याचे दिवस एकच असतात, ही गोष्ट आज आमच्या पथ्यावर पडली आहे. आंबा उतरू लागतो, शाळांना सुटी लागते आणि वर्षभर बंद असलेल्या घरांची कुलपे निघतात. या सभेतही मुंबईचे, दुबईचे, मस्कतचे, बोटीवर नोकरी करणारे असे कोणी ना कोणी बसलेले असणार. ज्यांच्याविषयी बोलायचे त्यांच्याच तोंडावर बोलावे लागणार असल्याने आम्हांला जपून बोलणे भाग आहे. ते एका परीने चांगलेच.

कामगार संघटनेच्या माणसाने परदेशातील वास्तव्यावर काय बोलावे, असे कोणी विचारील. प्रवासवर्णने लिहिणारे विद्वान पुष्कळ आहेत. त्यांनी तिकडचे रस्ते, बागा, पुतळे यांचे वर्णन आपल्याला ऐकविले आहे. परंतु आपल्या जिल्ह्यातून जी माणसे समुद्रापलीकडे गेली, त्यांतील बहुतेक पुतळे पाहायला गेलेली नाहीत. ती मजुरीला गेली. आणि मजुरी जिथे आली तिथे आमचा संबंध आलाच. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि लोकांची करारपत्रे वाचण्यात अधिक झाले. म्हणून आज जे सांगणार आहोत तेही एका करारपत्रातल्या एका कलमासारखेच आहे. ते कलम म्हणजे परतीचे तिकीट.

परदेशी गेलेल्या माणसाची किंमत आपल्याकडे एका प्रश्नाने ठरते. ‘त्याला मिळतात किती?’ लग्न जमविताना हाच प्रश्न, कर्ज देताना हाच प्रश्न. आमच्या मते पहिला प्रश्न वेगळा असावा. त्याला यावेसे वाटले तर येता येते काय? आई आजारी पडली, बहिणीचे लग्न ठरले, धनी मारकुटा निघाला किंवा नुसता जीव कंटाळला, तर हा माणूस विमानात किंवा बोटीत बसू शकतो काय? ज्याला ‘होय’ म्हणता येते तो नोकर. ज्याला ‘नाही’ म्हणावे लागते त्याचा पगार कितीही असो, तो बंदी आहे.

हे आम्ही उगाच जड शब्दांत सांगत आहोत असे वाटेल. म्हणून प्रथम आपल्या गावातील सर्वांत प्रसिद्ध परदेशी रहिवाशाकडे वळू. ब्रह्मदेशचा राजा थिबा १८८५ साली इंग्रजांकडून पराभूत झाला. त्याला आधी मद्रासला आणि मग १८८६ च्या एप्रिलमध्ये येथे रत्नागिरीस आणले. त्याच इंग्रजांनी दिल्लीचा बहादूरशहा रंगूनला नेऊन ठेवला होता. इकडचा राजा तिकडे आणि तिकडचा इकडे, असा तो व्यवहार. थिबाला सरकारी तनखा होता, नोकरचाकर होते, पुढे १९१० साली खाडीवर नजर टाकणारा तो राजवाडा राहायला मिळाला. आज आपण पाहुण्यांना तो कौतुकाने दाखवितो. पण त्याला परत जाण्याची मुभा नव्हती. १९१६ साली तो येथेच वारला आणि येथेच पुरला गेला. तीस वर्षे त्याच्या खिडकीतून जो समुद्र दिसत होता, त्या समुद्रावर त्याचा काडीचाही हक्क नव्हता. राजवाडा, तनखा, चाकर हे सगळे असूनही परतीची वाट नसेल तर माणसाचे काय होते, याचा धडा रत्नागिरीकरांना दुसरीकडे शोधायला नको.

आता राजा सोडून प्रजेकडे येऊ. आपल्याकडची माणसे समुद्रापलीकडे मजुरीला गेली त्यांतील जुना ओघ मॉरिशसचा. १८३४ पासून तेथील उसाच्या मळ्यांसाठी हिंदुस्थानातून मजूर नेले जाऊ लागले. पुढच्या पाऊणशे वर्षांत साडेचार लाखांच्या आसपास माणसे त्या बेटावर उतरली. त्यांत मुंबई बंदरातून गेलेले रत्नागिरी आणि सातारा भागांतील मराठे, कुणबी होते. त्यांचे वंशज आजही तेथे मराठी म्हणवून घेतात. पाच वर्षांचा करार, महिन्याला पाच रुपये आणि मुदत संपली की फुकट परतीचा प्रवास, असा सुरुवातीचा बोलीचा भाग होता. ‘ॲग्रिमेंट’चे ‘गिरमिट’ झाले ते अशाच करारांवरून. आता मौज पाहा. पुढे मळेवाल्यांना मजूर परत जाणे परवडेना. तेव्हा त्यांनी पगाराला हात लावला नाही. त्यांनी परतीच्या कलमाला हात लावला. १८५० नंतरच्या काही वर्षांत ती फुकट परतीची सोय मॉरिशसमध्ये काढून टाकण्यात आली. एकूण गेलेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश परत आले, बाकीचे तिथलेच झाले.

तिथलेच झाले आणि चांगले झाले, हेही सांगितले पाहिजे. ज्या धक्क्यावर त्यांना उतरवून घेत त्या आप्रवासी घाटाला २००६ साली जागतिक वारशाचा मान मिळाला. गणेशचतुर्थीला त्या देशात सार्वजनिक सुटी असते. आमच्या मनात मात्र एक विचार येतो. कोकणी माणूस कुठेही असला तरी गणपतीला घरी येतो. मॉरिशसला गेलेल्याला घरी येणे जमेना, तेव्हा त्याने गणपतीलाच तिकडे नेले. या भक्तीचे कौतुक करताना तिच्यामागे जे पुसले गेलेले कलम आहे, ते कामगाराने विसरता कामा नये.

मॉरिशसमध्ये परतीची वाट भाड्याने अडविली. दक्षिण आफ्रिकेत ती वेगळ्या रीतीने अडविली गेली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून आपल्या किनाऱ्यावरचे, विशेषतः रत्नागिरी आणि कुलाबा जिल्ह्यांतील कोकणी मुसलमान केपटाऊनला गेले. कोणी दुकानात राहिले, कोणी हमाली केली, कोणी फळे विकली. बायकामुले गावी आणि कर्ता पुरुष तिकडे, अशी बहुतेकांची तऱ्हा. १९०६ साली केप वसाहतीने प्रवेशाचा कायदा कडक केला. तेव्हापासून तिथे राहणाऱ्या हिंदी माणसाला गावी जायचे तर मुदतीचा परवाना घ्यावा लागे. त्यावर त्याचा फोटो आणि बोटांचे ठसे असत. मुदत चुकली की पुन्हा प्रवेश मिळण्याची खात्री नाही. म्हणजे घरी यायला बंदी नव्हती, घरी येण्याची भीती होती. घरी आलेला माणूस अंगणात बसून दिवस मोजत राही. पेरणीपर्यंत थांबावे तर आगबोट चुकेल, आगबोट पकडावी तर पेरणी चुकेल. ही गावची फेरी सुखाची कशी होणार?

सभेतील सुशिक्षित मंडळी म्हणतील, हे शंभर वर्षांपूर्वीच्या अडाणी मजुरांचे झाले. आमचा मुलगा अमेरिकेत इंजिनियर आहे. त्यांना आम्ही २०२५ च्या सप्टेंबरची आठवण देतो. अमेरिकेच्या अध्यक्षांनी १९ सप्टेंबरला एच-वन-बी व्हिसावर एक लाख डॉलरचे शुल्क जाहीर केले आणि एका रात्रीत हजारो घरांत धावपळ उडाली. सुटीवर आलेल्यांना कंपन्यांचे निरोप आले की मिळेल त्या विमानाने परत या. विमानात बसलेली माणसे गावी येण्याचे रद्द करून खाली उतरली. दुसऱ्या दिवशी खुलासा झाला की हे शुल्क नव्या अर्जांनाच आहे, जुन्यांना नाही. पण तोवर जे व्हायचे ते होऊन गेले होते. केपच्या परवान्यावर बोटांचे ठसे होते, या व्हिसासाठीही तेच द्यावे लागतात. हा मुलगा शिकलेला, त्याचा पगार मोठा. परंतु त्याच्या घरी येण्यावर दुसऱ्याच्या सहीची छाया आहे. कायमच्या वास्तव्याच्या परवान्यांत कोणत्याही एका देशाला सात टक्क्यांहून अधिक वाटा मिळू नये असा तिकडे नियम आहे. त्यामुळे हिंदी माणसाची रांग वर्षानुवर्षे हलत नाही आणि ही छायाही वर्षानुवर्षे हटत नाही. त्याच्यात आणि बांधकामावरच्या गवंड्यात फरक पुष्कळ आहे, पण या एका बाबतीत दोघे भाऊ आहेत, आणि भावाने भावाला ओळखावे असे आम्हांला वाटते.

मग परतीची वाट मोकळी कशी होते? ती धन्याच्या दयेने होत नाही. तिचा इतिहास आपल्या अगदी जवळच्या परदेशात घडलेला आहे. तो परदेश म्हणजे मुंबई. हसू नका. १९२१ च्या सुमारास मुंबई शहरातील दर पाच माणसांत जवळजवळ एक जण रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेला होता. तेव्हा आजचा सिंधुदुर्गही याच जिल्ह्यात होता. आगबोटीने जायचे, पावसाळ्यात ती वाटही बंद. घरच्यांच्या दृष्टीने मुंबई आणि मस्कत यांत फरक तो काय होता? १८८० मध्ये टपालखात्याने मनीऑर्डर सुरू केली आणि तिच्यावर आपल्या जिल्ह्याची चूल पेटू लागली.

त्या काळी गिरणी कामगाराला गावी जायचे असेल तर काय करावे लागे? सुटी नावाची वस्तूच नव्हती. तो जाई, त्याच्या साच्यावर बदलीवाला उभा राही. परत आल्यावर आपली जागा मिळविण्यासाठी मुकादमाचा हात ओला करावा लागे. म्हणजे आईच्या दिवसांना गेलेल्या माणसाने स्वतःचीच नोकरी पुन्हा विकत घ्यायची. आठवड्याची सुटीदेखील मागून, सभा भरवून मिळवावी लागली. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची पहिली संघटना उभी केली. सहा वर्षे झगडल्यावर १० जून १८९० रोजी मालकांनी रविवारची सुटी मान्य केली.

पुढे १९२९ साली सरकारने मजुरांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी व्हिटले साहेबांचे कमिशन नेमले. आपल्या कोकणातीलच, गोरेगावचे ना. म. जोशी त्यात सभासद होते. मालकांची तक्रार अशी की हा मजूर सारखा गावी पळतो, त्यामुळे तो कधी पक्का कामगार होत नाही. कमिशनने १९३१ साली सांगितले की गावाशी असलेला मजुराचा संबंध ही मोलाची गोष्ट आहे, तो तोडू नये, राखावा. गावी जाण्याची त्याला सोय द्यावी आणि परतल्यावर जुन्या जागेचा भरवसा द्यावा. याला चौदा वर्षे गेली. १९४५ साली कायद्याने पगारी सुटीचे दहा दिवस मिळाले आणि १९४८ च्या कारखाने कायद्याने कामाच्या वीस दिवसांमागे एक दिवस सुटी ठरली. गणपतीला जो कामगार पिशवी घेऊन हक्काने गाडीत बसू लागला, त्याच्या तिकिटामागे एवढ्या वर्षांची झुंज होती. त्या गावाच्या दोरीचा जोर किती, हे १९८२ च्या संपाने दाखविले. अडीच लाख कामगार वर्षाच्या वर झुंजले, त्यांतील कित्येकांना मागे गावचे भात होते म्हणून ते टिकले. संप फसला आणि अनेकांचे येणे कायमचेच झाले, ही त्याची दुःखद बाजू. येण्याचा हक्क वेगळा आणि हाकलून दिल्यामुळे यावे लागणे वेगळे, हेही त्यातून शिकावे.

दुसरा इतिहास आमच्या खलाशांचा. मोठमोठ्या इंग्रजी कंपन्यांच्या बोटींवर डेकवरचे काम करणाऱ्यांत रत्नागिरीच्या किनाऱ्यावरचे खलाशी, तांडेल आणि सारंग पिढ्यान्‌पिढ्या होते. त्यांना गोऱ्या खलाशाच्या पगाराचा चौथा हिस्सा मिळे. त्यांचे करारही असे की कुठल्या बंदरात उतरायचे हे त्यांच्या मनावर नसे. १९३९ साली महायुद्ध सुरू होताच या लोकांनी इंग्लंडच्या, दक्षिण आफ्रिकेच्या, ऑस्ट्रेलियाच्या बंदरांत संप केले. तुरुंग भोगला आणि पगारवाढ घेतली. मग त्याच बोटी घेऊन ते युद्धात गेले. त्यांतील सहा हजारांहून अधिक हिंदी खलाशी परत आले नाहीत.

खलाशाच्या परतीचा विचार मात्र जगाने लवकर केला, कारण सोडून दिलेला खलाशी कोणत्याही बंदराला नको असतो. आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेने १९२६ सालीच खलाशांना स्वदेशी पोचविण्याचा करार केला. पुढे २००६ साली सागरी मजुरांचा सर्वंकष करार झाला, तो २०१३ मध्ये अमलात आला आणि भारताने २०१५ साली त्याला मान्यता दिली. त्यात काय आहे ते घरात खलाशी असलेल्या प्रत्येकाने पाठ करावे. बारा महिने पुरे होण्याच्या आत खलाशाला घरी जाण्याचा हक्क आहे. घरी पोचविण्याचा खर्च मालकाचा. हा खर्च नोकरीच्या आधी त्याच्याकडून मागायचा नाही, नंतर सामान्यतः पगारातून कापायचा नाही. २०१७ पासून तर मालकाने खलाशाला वाऱ्यावर सोडले तरी त्याच्या परतीची आणि चार महिन्यांपर्यंतच्या थकलेल्या पगाराची तरतूद असलेला विमा प्रत्येक बोटीवर असावा लागतो.

कायदा झाला म्हणजे सगळे झाले असे नव्हे. २०२० साली करोनाची साथ आली, बंदरे बंद झाली आणि मुदत संपलेले सुमारे चार लाख खलाशी जगभर बोटींवर अडकून पडले. कोणी सतरा सतरा महिने जमिनीला पाय लावला नाही. जगाचे धान्य, तेल, औषधे त्यांनी पोचविली आणि त्यांना घरी पोचवायला कोणी तयार नव्हते. पण त्या वेळी त्यांच्या संघटनांच्या हातात तो करार होता, त्यातील बारा महिन्यांचे कलम होते. त्याच्या बळावर सरकारांना जाब विचारता आला. ज्यांच्या हातात तेवढेही नव्हते त्यांचे काय?

येथे आम्ही आखातात येऊन पोचलो. १९७३ नंतर तेलाचे भाव चढले, तिकडे बांधकामांना ऊत आला आणि आपल्या जिल्ह्यातील खेड, दापोली, चिपळूण, राजापूरची माणसे तिकडे ओढली गेली. आज आपला देश जगात सर्वांत जास्त पैसा परदेशांतून मिळविणारा देश आहे. २०२४ साली ही रक्कम १२९ अब्ज डॉलरच्या घरात गेली, आणि रिझर्व्ह बँकेच्या पाहणीप्रमाणे २०२३-२४ मध्ये तिचा सुमारे एक पंचमांश महाराष्ट्रात आला. आकडा मोठा आहे. पण पैसा ज्या सहजतेने येतो त्या सहजतेने तो पाठविणारा येतो काय?

आखाती देशांच्या पद्धतीला कफाला म्हणतात. परदेशी कामगाराचा जामीनदार त्याचा धनी, म्हणजे कफील. त्याच्या नावावर व्हिसा, त्याच्या मर्जीवर राहणे. त्याने सोडल्याशिवाय दुसरी नोकरी नाही, आणि काही देशांत त्याच्या संमतीवाचून देश सोडणेही नाही. हे आता काही अंशी बदलले आहे, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. कतारने २०१८ साली बहुतेक कामगारांची देशाबाहेर जाण्याच्या परवान्याची अट काढली आणि २०२० मध्ये नोकरी बदलण्यासाठी जुन्या धन्याची संमती लागेनाशी केली. सौदी अरबस्तानात मार्च २०२१ पासून बहुतेक खासगी नोकरांना बाहेर जाण्याचा परवाना स्वतः मागता येऊ लागला, मात्र घरकाम करणारे आणि ड्रायव्हर त्यातून वगळले गेले. म्हणजे ज्याला सर्वांत जास्त गरज, तोच बाहेर. सुटीचे कायदेही तिकडे आहेत. सौदीत वर्षाला २१ दिवस, पाच वर्षांच्या नोकरीनंतर ३० दिवस. संयुक्त अमिरातीत वर्षाला ३० दिवस. कागदावर हे मुंबईच्या गिरणीहून चांगले आहे.

तरीही माणूस तीन तीन वर्षे येत नाही. का? काहींचा पासपोर्ट धन्याच्या कपाटात असतो. तसा तो ठेवून घेणे तिकडच्या कायद्यातही बसत नाही, आणि पासपोर्ट तर भारत सरकारच्या मालकीचा. पण अनेकांना अडविणारे कुलूप दुबईत नसते, ते आपल्या गावी असते. त्याचे नाव कर्ज. १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखालच्या नियमांनी भरती करणाऱ्या नोंदणीकृत एजंटाची फी ३०,००० रुपये अधिक कर, एवढीच ठरविली. प्रत्यक्षात गावोगावचे दलाल किती घेतात ते आपल्याला ठाऊक आहे. आपण एक हिशेब करू. समजा एका तरुणाने १,२०,००० रुपये दिले आणि ते महिन्याला शेकडा तीन व्याजाने उचलले. पहिल्या महिन्याचे व्याजच ३,६०० रुपये. पगार समजा २५,००० रुपयांइतका. आठ हजार त्याच्या खाण्यापिण्याचे आणि फोनचे, बारा हजार घरी, राहिले पाच हजार ते कर्जात. हे कर्ज फिटायला साडेतीन वर्षांच्या वर लागतात. करार आहे दोन वर्षांचा! आता या तरुणाच्या धन्याने त्याला उन्हात बारा तास उभे केले तरी तो काय बोलणार? धनी त्याला जा म्हणेल, आणि जाणे हीच त्याची सर्वांत मोठी भीती आहे. ज्याला परत जाण्याची भीती आहे तो संघटनेत येत नाही, तक्रार करीत नाही, आजार सांगत नाही. परतीचे तिकीट हा सुटीचा प्रश्न वाटतो, पण ते माणसाच्या तोंडातील जिभेचेच तिकीट आहे.

संकट आले म्हणजे या गोष्टीचे मोल कळते. ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेत घेतले. तेथे पावणेदोन लाखांच्या आसपास भारतीय होते. एअर इंडियाने अम्मानहून दोन महिन्यांत एक लाखाहून अधिक माणसे मायदेशी आणली. २०२० च्या मे महिन्यात वंदे भारत मोहिमेची विमाने निघाली. सरकारने हे केले त्याबद्दल त्याला धन्यवादच दिले पाहिजेत. परंतु युद्ध आणि साथ आली तरच घरी यायचे, हा काही कायदा नव्हे. परदेशी कामगार आणि त्यांची कुटुंबे यांच्या हक्कांचा करार संयुक्त राष्ट्रांनी १९९० सालीच केला, तो २००३ मध्ये अमलात आला. सहा आखाती देशांपैकी एकानेही त्यावर मान्यतेची सही केलेली नाही, आणि दुसऱ्यांना नावे ठेवण्याआधी सांगतो, आपल्या देशानेही केलेली नाही.

आता थोडे आपल्याविषयी. कारण या सभेत जाणाऱ्यांपेक्षा मागे राहणारे अधिक आहेत.

माणूस सुटीवर येतो तेव्हा आपण काय करतो? त्याला पाहताच आपण विचारतो, ‘कधी आलास?’ आणि दम न घेता पुढे विचारतो, ‘जाणार कधी?’ विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसते, पण ऐकणाऱ्याला वाटते की आपण येथे पाहुणे झालो. मग पेट्या उघडतात. अत्तर, खजूर, घोंगडी, मुलांची खेळणी. कोणाला काय आणले आणि कोणाला काय नाही, यावरून वर्षभराची भांडणे होतात. तो तिकडे एका खोलीत सहा जण राहतो हे तो सांगत नाही, आणि आपणही विचारीत नाही. चार पैसे अधिक दिसले की घराच्या भिंती पाडून स्लॅब टाकायचा, शेजाऱ्याने एक मजला चढविला म्हणून आपण दोन चढवायचे. त्या घरात राहायला कोण? म्हातारी आई आणि तिच्या सोबतीला एक कुत्रा. दोन महिन्यांत त्याने बापाचे गुडघे, मुलीची फी, भावाचे जमिनीचे भांडण आणि देवळाची वर्गणी हे सगळे उरकायचे. बायकोशी बोलायला वेळ मिळतो तो निघण्याच्या आदल्या रात्री. त्या बायकोने दोन वर्षे घर, शेत, सासूसासरे आणि बँक ही सगळी खाती एकटीने सांभाळलेली असतात. परंतु त्याच्या पगाराचा आकडा सगळ्या गावाला पाठ आणि तिच्या कामाचा आकडा कोणीच काढीत नाही.

मुलाचे म्हणावे तर पहिले आठ दिवस ते बापाला ओळखतच नाही, आणि ओळखू लागते तेव्हा बाप पेटी बांधीत असतो. आमच्या देवळांत गाऱ्हाणे घालताना परमुलखात असलेल्या लेकरांची राखण कर असे देवाला सांगतात, आणि आपण सारे होकार भरतो. होकार भरणे पुरेसे नाही. देवाने राखण करावी आणि आपण त्याच्या पाठीवर कर्जाचे ओझे ठेवावे, हा कुठला न्याय?

म्हणून शेवटी चार रोकडी कामे सांगतो. व्याख्यानमालेत अशी कामे सांगू नयेत असा संकेत असेल, तर अध्यक्षांनी आम्हांला क्षमा करावी.

पहिले काम जाणाऱ्याचे. विमानात बसण्यापूर्वी करार हातात घ्या, तो समजेल त्या भाषेत वाचून घ्या आणि त्यात परतीच्या प्रवासाचे भाडे कोण देणार हे लिहिलेले आहे की नाही ते पाहा. एजंट नोंदणीकृत आहे काय याची खात्री करा. कराराची, पासपोर्टची आणि व्हिसाची एकेक प्रत घरी ठेवा.

दुसरे काम घरच्यांचे. कलमांची बाग गहाण टाकून मुलाला पाठवू नका. ज्या दिवशी बाग सावकाराकडे गेली त्या दिवशी मुलाचे परतीचे तिकीटही सावकाराकडे गेले. तो पहिला पगार पाठवील तेव्हा स्लॅब टाकण्यापूर्वी एका तिकिटाचे पैसे बाजूला काढून बँकेत त्याच्या नावे ठेवा, आणि घरात लग्न निघाले तरी त्यांना हात लावू नका.

तिसरे काम विम्याचे. दहावी न झालेल्या कामगाराला आखातात जाताना सरकारी मंजुरी लागते. त्या वेळी प्रवासी भारतीय विमा घ्यावा लागतो, दोन वर्षांना २७५ रुपये भरून. अपघाताने मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आले तर दहा लाख रुपये मिळतात. हा कागद कुठे आहे ते घरातील बाईमाणसाला ठाऊक असले पाहिजे. कित्येक घरांत तो पेटीत असतो आणि पेटीची किल्ली परदेशात असते.

चौथे काम आपल्या सर्वांचे. जे हक्क बोटीवरच्या खलाशाला मिळाले, म्हणजे ठराविक मुदतीत घरी येणे, मालकाच्या खर्चाने येणे आणि मालक पळाला तर विम्यातून येणे, तेच हक्क बांधकामावरच्या गवंड्याला, ड्रायव्हरला आणि दुसऱ्याच्या घरी स्वयंपाक करणाऱ्या बाईला मिळाले पाहिजेत. आपले सरकार दुसऱ्या सरकारांशी मजुरांविषयी करार करते, त्यांत हे कलम पहिले असावे. यासाठी ठराव करा, खासदारांना विचारा, संघटनेत या. रविवारच्या सुटीला सहा वर्षे लागली आणि पगारी सुटीला त्यानंतर पंचावन्न. आपण आज सुरुवात केली तर पुढच्या पिढीला ती उशिराची वाटणार नाही.

जाऊ नका असे आम्ही म्हणत नाही. या जिल्ह्याच्या जमिनीवर सगळ्यांचे पोट भरत नाही, हे आम्हांला कळते. शिवाय जग पाहिलेला माणूस गावाला शहाणपण घेऊन येतो. जा, मिळवा, मोठे व्हा. जाताना मात्र पाहा की जाण्याच्या तिकिटाला परतीची बाजू आहे, आणि ती तुमच्या स्वतःच्या खिशात आहे.